सावतोबांच्या मळ्यात मिरची आली कुठून?

माणदेशी मास्तर (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार. माण तालुक्यात भूगोल शिकवतो. परवा वर्गात 'सांस्कृतिक विसरण' घेत होतो. फळ्यावर शब्द लिहिला आणि मागच्या बाकावरून आलंच, "सर, विसरण म्हणजे विसरून जाणं का?" वर्ग हसला, मीही हसलो. मग समजावलं की एखादी गोष्ट, म्हणजे पीक, शब्द, खेळ, देव, पदार्थ, जिथं जन्मली तिथून दुसरीकडं पसरते त्याला विसरण म्हणायचं. उदाहरण म्हणून मिरची घेतली. मूळची मेक्सिकोकडची, पोर्तुगीजांच्या गलबतांतून आपल्याकडं आली, वगैरे.

तेवढ्यात दुसऱ्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. घरी तीन पिढ्यांची वारी. म्हणाली, "सर, मग सावता महाराजांच्या अभंगात मिरची कशी?"

माझा खडू हातातच राहिला. 'लसूण मिरची कोथिंबिरी' हे कुणाला पाठ नाही? आता हिशोब बघा. अरणच्या सावता माळ्यांनी देह ठेवला १२९५ मध्ये. कोलंबस अमेरिकेला पोचला १४९२ मध्ये, वास्को द गामा कालिकतला १४९८ मध्ये. म्हणजे दोनशे वर्षांची गफलत. मास्तर लोक अशा वेळी जे करतात तेच मी केलं. "उद्या सांगतो" म्हणालो. तो उद्या अजून उजाडलेला नाही, म्हणून इथं आलोय.

तर दोन मागण्या. एक, मिरचीचा निकाल लावा. दोन, विसरणाची आपल्या घरातली, गावातली उदाहरणं द्या. पुस्तकांत बघावं तर बर्गर, जीन्स आणि हिप-हॉप. आमच्या पोरांना बर्गर खायला साताऱ्याला जावं लागतं.

थोडी परिभाषा सांगून ठेवतो, म्हणजे बोलायला सोपं. माणसं उठून दुसरीकडं गेली आणि सोबत आपली गोष्ट घेऊन गेली, तर ते स्थलांतराचं विसरण. माणसं जागच्या जागी राहिली आणि गोष्ट एकाकडून दुसऱ्याकडं गेली, तर विस्ताराचं. विस्तारातही पोटभेद आहेत. शेजाऱ्याचं बघून शेजारी करतो, ते सांसर्गिक. मोठ्या शहरातून लहान शहरात, तिथून तालुक्याला, असं पायरीपायरीनं उतरतं ते श्रेणीबद्ध. आणि वस्तू तशीच न येता नुसती कल्पना आली आणि इथल्या लोकांनी तिचं आपलं काहीतरी केलं, तर उद्दीपक. हा शेवटचा प्रकार अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ क्रोबर यांनी १९४० मध्ये मांडला. मला सगळ्यांत आवडणारा तोच.

---

शब्दवेडी

मास्तर, तुमच्या विद्यार्थिनीला माझ्यातर्फे एक पेन द्या.

संस्कृतातलं 'मरिच' म्हणजे मिरी. काळी, गोल, वेलावरची. नवं तिखट फळ आलं तेव्हा लोकांनी नवा शब्द शोधत न बसता जुन्या तिखटाचं नाव त्याला चिकटवलं. हिंदीत 'मिर्च' दोघांनाही चालतं, मागे काली की लाल ते लावायचं. तमिळमध्ये मिळगु म्हणजे मिरी आणि मिळगाय म्हणजे मिरची, म्हणजे 'मिरीचं फळ'. कन्नडमध्येही तसंच, मेणसु आणि मेणसिनकाई. मराठीनं मात्र वाटणी केली. मिरी जुन्याला ठेवली, मिरची नव्याला दिली. आणि ही गल्लत पहिली केली ती कोलंबसानेच. तो मिरी शोधायला निघाला होता, मिरची हाती लागली, आणि त्याने तिला मिरीच्याच घरात घातलं. इंग्रजीत आजही दोघी 'पेपर'च आहेत.

तेव्हा माझा कौल असा की अभंगात आधी मिरीच्या कुळातला शब्द असावा. पुढे मिरची घरोघरी झाल्यावर गाणाऱ्यांच्या तोंडी तो बदलला.

---

माणदेशी मास्तर

शब्दवेडीताई, मलाही आधी हेच सुचलं होतं. पण भूगोल आडवा येतो. मिरीचा वेल दमट हवेतला, सह्याद्रीच्या पश्चिम उताराचा, सुपारीवर नाहीतर आंब्यावर चढणारा. अरण येतं माढा तालुक्यात, सोलापूर जिल्ह्यात. तिथं कांदा, मुळा, लसूण, कोथिंबीर मोटेच्या पाण्यावर नक्की येईल. मिरी? अभंगात मळ्यातल्या भाज्यांची नावं चालली आहेत, वाण्याच्या दुकानातल्या जिनसांची नाहीत.

---

शब्दवेडी

हात जोडले. मग तो चरणच नंतरच्या कुणा भक्ताने बदललेला किंवा घातलेला. तोंडी परंपरेत हे चालायचंच. ज्याच्या मळ्यात जे पिकतं, ते त्याच्या अभंगात शिरतं.

---

एकादशीचा बकासुर

धागा वाचता वाचता साबुदाण्याची खिचडी खात होतो आणि घास अडकला. ताटाकडे बघा. बटाटा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा. मिरची मेक्सिकोकडची. साबुदाणा ज्या कसाव्याच्या कंदापासून करतात तो कंदही अमेरिकेचाच. कारखाने तमिळनाडूत, सेलमच्या आसपास. नाव मात्र मलायी 'सागू'वरून आलं, कारण मूळचा साबुदाणा तिकडच्या एका ताडासारख्या झाडाच्या गाभ्यातून काढायचे. बाजूला रताळ्याचा कीस, तोही अमेरिकन. राजगिऱ्याचा लाडू, तोही. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' हे ऐकून होतो, पण दुप्पट खाशी ते सगळं अमेरिकेचं?

ताटात जुनी माणसं फक्त दोन. वरीचे तांदूळ आणि तूप.

---

रोखठोक

सगळं बाहेरून आलं म्हणायची फॅशनच झाली आहे. उपवास आपला आहे ना? मग झालं.

---

माणदेशी मास्तर

रोखठोक, उपवास आपलाच. म्हणून तर गंमत आहे. उपवासाला वर्ज्य काय याची यादी जुनी, मुख्यतः धान्यांची. नंतर आलेला बटाटा-शेंगदाणा त्या यादीत असणारच कसा? नाव नाही म्हणजे मनाई नाही, या फटीतून ही मंडळी आत आली असावी, असं आपलं माझं मत. म्हणजे परक्या वस्तूला सगळ्यांत आधी दार उघडलं ते सोवळ्याच्या स्वयंपाकघरानं.

---

एकादशीचा बकासुर

मग टोमॅटोने काय घोडं मारलं? तोही अमेरिकन, त्याचंही नाव यादीत नाही. आमच्याकडे उपवासाला टोमॅटो म्हटलं की आई डोळे वटारते.

---

माणदेशी मास्तर

माझी फट टोमॅटोला अरुंद पडली, मान्य. बहुधा उशिरा आल्याचा दंड. तो घरोघरी रुळेपर्यंत उपवासाचं ताट ठरून गेलं होतं.

---

सासष्टीकर

गोव्याहून लिहितोय, पावाबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून राहवलं नाही.

'पाव' हा शब्द सरळ पोर्तुगीज 'पांव'वरून. बनवणारा तो पोदेर, हाही त्यांचाच शब्द. आमच्या दारात पहाटे त्याच्या सायकलचा भोंपू वाजतो, मागे वेताची मोठी टोपली, वर निळं प्लास्टिक. पूर्वी पीठ फुगवायला माडाची सूर, म्हणजे माडी, घालायचे. म्हणजे बघा, युरोपचा पाव इथे आला तेव्हा त्यांचं खमीर नव्हतं, माडाने ते पुरवलं. इथेच तो थोडा बदलला.

पण शिरकाव सोपा नव्हता. विहिरीत पाव टाकून गावंच्या गावं बाटवली, ही गोष्ट गोव्यापासून वसईपर्यंत आजही सांगतात. माझी आजी पाव सोवळ्यात येऊ द्यायची नाही. सोप्यावर बसून खायचा, हातावरचे कण अंगणात झटकायचे, चूळ भरायची, मग आत. चहा मात्र आत चालायचा! मास्तर, याला तुमच्या शास्त्रात काहीतरी नाव असेल.

मुंबईला पाव गेला तो आमच्याच लोकांच्या पाठीवरून. बेकर, खानसामे, बोटीवरचे, बँडवाले. धोबीतलावच्या बाजूला गावागावांच्या 'कूडी' होत्या, एका गावच्या माणसांनी मिळून चालवलेल्या खोल्या. बोट सुटेपर्यंत तिथे राहायचं. पुढे इराण्यांच्या बेकऱ्यांनीही त्याला हात दिला.

---

माणदेशी मास्तर

नाव आहे. 'अडथळा'. समुद्र, डोंगर हे भौतिक अडथळे, आणि तुमच्या आजी हा सांस्कृतिक अडथळा! हलके घ्या. पण अडथळा पूर्ण बंद नसतो, गाळणीसारखा असतो, हे तुमच्या चहाच्या वाक्यातून फार छान कळतं. उद्या वर्गात सांगतो.

---

कट्टाप्पा दादरकर

आणि मग १९६६ च्या सुमाराला दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्यांनी त्या पावात बटाटावडा घातला. श्रेय साधारण त्यांनाच देतात. पाव पोर्तुगालचा, बटाटा अँडीजचा, मिरची मेक्सिकोची. स्वदेशी काय उरलं? बेसन, लसूण, हळद.

---

शब्दवेडी

हरभरा तुर्कस्तानच्या आग्नेय भागात प्रथम लागवडीखाली आला. लसूण मध्य आशियातला. हळद राहिली बघा.

---

कट्टाप्पा दादरकर

हळद लावूनच घेतो आता.

---

कोल्हापुरी कट

पावाची एवढी कहाणी ऐकून सांगतो, आम्ही मिसळीबरोबर ब्रेडच्या स्लाइस खातो. पाव घाट चढून आमच्यापर्यंत आला, पण मिसळीच्या ताटात त्याला जागा दिली नाही. पुणेकरांनी यावर बोलू नये.

---

द्राक्षबाग

मी तासगावकडचा. शास्त्र कळत नाही, अनुभव सांगतो.

आमच्याकडं थॉमसन सीडलेस होतं, कॅलिफोर्नियाच्या थॉमसनच्या नावाचं द्राक्ष. त्यातनंच आमच्या भागातल्या एका शेतकऱ्यानं वेगळी काडी हेरली आणि तास-ए-गणेश ही जात उभी राहिली. तास म्हणजे तासगाव, गणेश म्हणजे आमचा उजव्या सोंडेचा गणपती. म्हणजे आलं साहेबाच्या नावानं आणि बारसं झालं देवाच्या नावानं.

पुढं पाणी खारवट होत चाललं, जमिनी क्षारपड, मग डॉगरिजचा खुंट आला. हा टेक्सासकडचा जंगली वेल. तो आधी लावायचा, मग त्यावर आपल्या जातीचं कलम बांधायचं. आमच्या वस्तीवर पहिला खुंट लावला वडिलांनी. नर्सरीतनं आणलेल्या रोपांतली निम्मी पहिल्याच उन्हाळ्यात वाळली. पारावर लोक विचारायचे, "काय आबा, जंगल कसं आहे?" वडील दोन वर्षं त्या पाराकडनं गेले नाहीत, लांबच्या वाटेनं रानात जायचे. तिसऱ्या वर्षी माल लागला तसा बांधावर माणूस उभा राहायला लागला. बोलायचा नाही कुणी. नुसता बघायचा, पान उलटं करायचा, खुंटाची जाडी अंगठ्यानं मोजायचा. चौथ्या वर्षी आमच्या बांधाला लागून असलेल्या तिघांनी लावला. ओढ्यापलीकडच्यांनी आणखी दोन वर्षांनी. ओढा केवढा? उडी मारली तर पार.

---

माणदेशी मास्तर

द्राक्षबाग दादा, तुम्ही नकळत टॉर्स्टन हेगरस्ट्रँड सांगितलात. स्वीडनचा भूगोलतज्ज्ञ, १९५३ मध्ये त्यानं नेमका हाच अभ्यास मांडला. सरकार सुधारित कुरणांसाठी अनुदान देत होतं, तर कोणत्या शेतकऱ्यानं ते कधी घेतलं हे त्यानं नकाशावर ठिपके देऊन पाहिलं. त्याला दिसलं की ठिपके ठिपक्यांजवळ वाढतात. माहिती सगळ्यांकडं असते, पण माणूस हलतो तो ओळखीच्या माणसाचं रान बघून. सुरुवातीला एखाद-दुसरा, मग एकदम लाट, मग राहिलेले थोडे हट्टी. आणि नदी, जंगल, आडरान आलं की लाट अडते. तुमचा ओढा!

आबांना नमस्कार सांगा. वर्गात त्यांचं उदाहरण घेतलं तर चालेल का? नाव-गाव सांगणार नाही.

---

द्राक्षबाग

घ्या की. ते खूश होतील. फक्त रोपं वाळल्याचं सांगू नका.

---

पडद्यामागचा

उद्दीपक विसरणाचं उदाहरण माझ्याकडून. सांगलीत चिंतामणराव पटवर्धनांच्या दरबारी कर्नाटकातून यक्षगान करणारी एक मंडळी आली. खेळ राजेसाहेबांना आवडला, पण भाषा कानडी आणि बाज वेगळा. त्यांनी पदरच्या विष्णुदास भाव्यांना सांगितलं, असं काही मराठीत करा. त्यातून १८४३ मध्ये 'सीता स्वयंवर' झालं आणि ५ नोव्हेंबर हा आपला रंगभूमी दिन ठरला. भाव्यांनी यक्षगान उचलून आणलं नाही. सूत्रधार, पदं, राक्षसांचा आरडाओरडा अशी खूण राहिली, पण उभं राहिलं ते वेगळंच.

पुढचा भाग जास्त मजेचा. आपल्या नाटक कंपन्या हुबळी-धारवाडकडे दौरे करू लागल्या, तिथे त्यांची इतकी चलती झाली की कानडी मंडळींना वाटलं, आपल्या भाषेत असं का नाही? आणि तिकडे कानडी कंपनी नाटकं उभी राहिली. गेलं ते परत आलं, तेही नवे कपडे घालून. हल्ली सीमेच्या दोन्ही बाजूंना हे आठवून द्यायची सोय नाही, ते सोडा.

---

तंजावूरची सून

मी जन्माने पुण्याची, लग्न होऊन चेन्नईत. सासर तंजावूरच्या मराठ्यांपैकी. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकात तंजावूर घेतलं, १८५५ मध्ये इंग्रजांनी ते खालसा केलं. राज्य गेलं, माणसं राहिली. बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर सरफोजीराजांनी कोरवलेला भोसल्यांच्या इतिहासाचा मराठी शिलालेख आहे. लांबच लांब. मी तिथे उभी राहून वाचत होते तर आमचा गाइड म्हणाला, "अम्मा, तुम्हाला हे वाचता येतं?"

घरी सासूबाई जी मराठी बोलतात ती मला पहिले सहा महिने अर्धी कळायची. त्यांना माझी पुणेरी कळायची नाही, असं त्या म्हणायच्या. खरं तर त्यांना कळायची, आवडायची नाही.

पण सांगायचं आहे ते कीर्तनाचं. आपले कीर्तनकार तंजावूरला गेले, तिथे जमले, आणि त्यांचं बघून तमिळ हरिकथेने वळण घेतलं. तंजावूर कृष्ण भागवतर हे त्यातलं मोठं नाव. आजही तमिळ हरिकथेत साकी, दिंडी, ओवी, अभंग ही वृत्तं आणि चाली आहेत, नावंसुद्धा तीच. पहिल्यांदा मैलापूरला एका कार्यक्रमात तमिळ शब्दांवर साकीची चाल ऐकली तेव्हा अंगावर काटा आला. शेजारच्या आजींना म्हटलं, ही आमच्याकडची चाल. त्या म्हणाल्या, छे, ही इथलीच, माझे आजोबा म्हणायचे.

---

रोखठोक

ताई, सांबार संभाजीराजांवरून आलं ना? लिहा की ते.

---

तंजावूरची सून

दादा, घरी सगळे तेच सांगतात. राजाच्या मुदपाकखान्यात कोकम संपलं, चिंच घातली, पाहुणे संभाजीराजे होते, वगैरे. पण गोष्टीतला तो राजा म्हणजे व्यंकोजींचे पुत्र शहाजी. ते गादीवर आले १६८४ मध्ये आणि संभाजीराजे गेले १६८९ मध्ये. मधली पाच वर्षं ते औरंगजेबाशी झुंजत होते, तंजावूरला जेवायला कधी जाणार? गोष्ट गोड आहे, मी नातवंडांना सांगेन. इथे नको.

---

रोखठोक

बरं. पण इथून बाहेर काही गेलंच नाही का? सगळं आयातच?

---

शब्दवेडी

गेलं की, भरपूर. आपलं 'नारंग' घ्या. इथून फारसीत 'नारंग', अरबीत 'नारंज', स्पेनमध्ये 'नारांखा', आणि शेवटी इंग्रजांचं 'ऑरेंज'. पुढे पोर्तुगीजांनी गोड संत्र्याचा व्यापार केला, तर अरबांनी त्या गोड फळाला नाव दिलं 'बुर्तुकाल', म्हणजे पोर्तुगाल! आणि आपण? आपल्या जालन्याच्या मोसंबीचं नाव मोझांबिकवरून. फळ कुठलं हे कुणी विचारत नाही, शेवटी कुठल्या बोटीतून उतरलं ते नावाला चिकटतं.

तुमचा तो मागच्या बाकावरचा मुलगा चुकला नव्हता हो मास्तर. विसरण पूर्ण होतं ते विसरल्यावरच. मैलापूरच्या त्या आजी बघा.

---

माणदेशी मास्तर

त्याला हे सांगितलं तर वर्षभर डोक्यावर बसेल. पण सांगतो.

---

वाट पंढरीची

रामकृष्ण हरी. एवढे दिवस नुसता वाचत होतो. दिंडीत आम्ही हा अभंग दरवर्षी म्हणतो. मिरची म्हणायच्या वेळी बायका हमखास हसतात, कारण डोक्यावरच्या गाठोड्यात ठेचा असतो.

इरावतीबाई कर्व्यांनी लिहिलं आहे की ज्या प्रदेशातले लोक पंढरीला जातात तो महाराष्ट्र. मास्तर, तुमच्या भाषेत हा सांस्कृतिक प्रदेश झाला ना? नकाशावर रेघ मारून नव्हे, चालून चालून ठरलेला. आणि ज्याच्याकडे जातो त्याला ज्ञानोबा 'कानडा' म्हणतात. सावतोबा मात्र मळा सोडून कधी पंढरीला गेले नाहीत. विठोबाची पालखी अरणला जाते. मिरची बाहेरून आली तर आली. ज्याच्या मळ्यात देव येतो त्याच्याकडे मिरचीला कोण अडवणार?

---

माणदेशी मास्तर

माउली, नमस्कार.

आज अखेर 'उद्या' उजाडला. मुलीला फळ्याजवळ बोलावून सगळं सांगितलं. मरिच, मेणसु, मिळगाय, माढ्याची हवा, गाणाऱ्यांच्या तोंडी बदललेला शब्द. तिनं वहीत लिहून घेतलं. मग पोरांना काम दिलं होतं की आजीला विचारा, तुझ्या लहानपणी स्वयंपाकघरात काय नव्हतं. उत्तरं आली त्यात टोमॅटो, फ्लॉवर, पोहे सोडून दुसरा नाष्टा, आणि एका आजीनं सांगितलं, "साखर. पाव्हणा आला तरच."

तास संपताना तीच मुलगी परत उभी. "सर, लसूण मध्य आशियातला म्हणालात. कांदा?"

तोही त्याच बाजूचा, म्हणालो.

"आणि कोथिंबीर?"

भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडची. पण फार जुनी आलेली. कोथिंबीर हा शब्द संस्कृत 'कुस्तुंबुरु'वरून, आणि त्या शब्दासाठी पाणिनीनं सूत्र लिहून ठेवलंय.

तिनं बोटं मोजली. कांदा, लसूण, मिरची, कोथिंबीर. "मग सर, मुळा?"

घंटा झाली. मुळ्याबद्दल उद्या सांगतो म्हणालोय.